जीप उंच करण्याआधी

सुट्ट्या लागल्या की गुहागरच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्यांमध्ये एक जात हमखास दिसते. जुनी महिंद्रा जीप, पण मूळच्यापेक्षा चांगली अर्धा हात उंच, चाके बाहेर आलेली आणि टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. चालवणारी मुले उत्साही असतात, गाडीवर त्यांचे खरे प्रेम असते. त्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडीच्या पुढच्या भागाला, म्हणजे पाट्यांना आणि स्टेअरिंगला, अंदाजाने हात लावण्याबद्दल.

ही जीप मूळची अमेरिकन विलीज. १९४७ पासून महिंद्रांनी ती आपल्याकडे जोडायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे त्याच घडणीवर गाड्या काढल्या. आमच्या पिढीला ती ठाऊक सरकारी गाडी म्हणून. बीडीओंची जीप, आरोग्य केंद्राची जीप, शाळा तपासणीला साहेब यायचे ती जीप. पुढे अखंड ॲक्सल, त्याच्या खाली पाटे, आणि पॉवर स्टेअरिंग नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर चालकाचे खांदे भरून येत. असली गाडी सुधारावी असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही.

पण पुढच्या भागातले एक हलवले की बाकीचे सगळे हलते. उंची मिळवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. गाडी चार-पाच इंच उठते. मात्र स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारे दांडे, जे जवळजवळ आडवे असायला हवेत, ते तिरके होतात. चाक खड्ड्यात गेले की असा दांडा त्याला ओढतो किंवा ढकलतो, आणि चालकाने हात न हलवता गाडी बाजूला जाते.

दुसरी गोष्ट कोनाची. सायकल हात सोडूनही सरळ धावते, त्याचे एक कारण तिच्या हँडलच्या दांड्याचा कल. त्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. जीपच्या किंगपिनचे वरचे टोकही असेच किंचित मागे कललेले असते. पाटे बसवताना ॲक्सल जरा फिरला की हा कल जातो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही आणि वेगात पुढची चाके थरथरू लागतात. मोठ्या टायरांनी स्टेअरिंग जड झाले म्हणून भंगारातून दुसऱ्या गाडीची पॉवर स्टेअरिंगची पेटी येते. तिचा जोर जुन्या चॅसीवर येतो आणि जोडाशी चीर पडते.

आमच्याकडचे आतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून एसटी जाईल एवढीच वाट. शाळा सुटली की मुले कडेने चालत घरी येतात. खड्डा लागून गाडी दोन फूट बाजूला गेली, तर ती दोन फूट जागा कोणाची होती?

बदल नीट होतच नाहीत असे नाही. १९६५ साली अमेरिकेत कॅरोल शेल्बी यांनी फोर्ड मस्टँगवरून जीटी ३५० ही गाडी काढली. तिच्या पुढच्या वरच्या आर्मचा आधार एक इंच खाली घेतला होता. तेवढ्याने वळणात चाक रस्त्याला अधिक नीट टेकू लागले. एकच इंच, पण हिशेबाने.

आपला कायदा मात्र हिशेबी बदल आणि बेहिशेबी बदल यांत फारसा फरक करत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण ती मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच.

मला हे धोरण अर्धेच पटते. नुसत्या बंदीने काम थांबत नाही, ते चोरून होते, आणि चोरून झालेले काम कोणी तपासत नाही. सीएनजी किटला मंजुरी लागते आणि बसवल्यावर आरसीवर नोंद होते. तसेच जुन्या जीपसाठी पॉवर स्टेअरिंगचे आणि चांगल्या ब्रेकचे ठराविक संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर करावेत. जर्मनीत ट्यूफचे तपासनीस असे बदल पाहून कागदावर नोंद करून देतात. आपल्याकडेही असे नियम करण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिलेला आहे. तो वापरावा.

दिखाव्याच्या उंचीला मात्र परवानगी नकोच. चिखलात खेळायला उंची लागते असे कोणी म्हणेल. तर ती गाडी ट्रकवर चढवून मैदानात न्यावी. सार्वजनिक रस्ता हे काही खेळाचे मैदान नव्हे.

तोवर जीप असलेल्या मुलांना एवढेच सांगेन, की आधी आहे ते नीट करा. झिजलेले बुश, किंगपिनची बेअरिंगे, टायरॉडची टोके बदला. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान काढून घ्या. अलाइनमेंट करा. जुन्या गाडीच्या बऱ्याचशा तक्रारी एवढ्यानेच मिटतात. त्यानंतरही काही बदलावेसे वाटले, तर मिस्त्रीला पहिला प्रश्न "किती इंच उठेल?" हा न विचारता "दांडे सरळ राहतील का?" हा विचारा.