चिखलदऱ्यात प्लॉट घेताय? इसाराआधी सातबारा वाचा

पावसाळा लागला की परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट गाड्यांनी भरून जातो. अकोला-अमरावतीची कुटुंबे भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड पाहतात, धुक्यात भाजलेला भुट्टा खातात आणि परतताना एक विचार सोबत आणतात : इथे आपलीही छोटीशी जागा असावी. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या विदर्भाच्या या थंड हवेच्या ठिकाणी घर हवेसे वाटणे गैर नाही. मात्र इथली जमीन अमरावतीच्या लेआउटमधल्या प्लॉटसारखी घेता येत नाही.

अडचण कुठे?
चिखलदरा आणि धारणी हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते; तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. परवानगीविना झालेला व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. घेणाऱ्याचे पैसे मात्र अडकतात.

‘मुखत्यारपत्र करून देतो’
यावर दलाल पळवाट सुचवतात : मुखत्यारपत्र, स्टॅम्पवरची इसारचिठ्ठी. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

काय तपासावे?
• सातबारा आणि जुने फेरफार : जमीन मुळात कोणाची होती, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २.
• शेतजमीन असल्यास घेणारा शेतकरी आहे का. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने बिगरशेतकऱ्यावर बंधन आहे.
• जागा वनजमिनीत किंवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात आहे का.
• अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा : प्रत दलालाकडून नको, कार्यालयातून घ्यावी.

स्वस्ताईची किंमत
हा कायदा पर्यटकाला अडवण्यासाठी केलेला नाही. कर्ज, आजारपण किंवा लग्नाच्या खर्चापायी कोरकू कुटुंबाची जमीन कवडीमोलाने जाऊ नये, हा त्याचा हेतू. जमीन गेली की त्याच कुटुंबाला मजुरीसाठी मेळघाट सोडावे लागते. म्हणून भाव फारच कमी असेल, तर फरक कोणाच्या पदरातून आला, हे विचारले पाहिजे.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. इथल्या नियोजनाचे काम सिडकोकडे आहे. सिडको आणि महसूल विभागाने मंजूर लेआउटची यादी व कलम ३६-अ ची सूचना मराठीत, घाटाच्या तोंडाशीच लावावी. एका फलकाने कुणाची आयुष्यभराची बचत वाचेल आणि कुणाचे वावरही. तोवर चिखलदऱ्यात राहायचे तर खोली भाड्याने घ्यावी. धुके तेच दिसते.