तेल आणि पाण्याचं वैर नाहीच!

शिक्षक मित्रांनो, तेल पाण्यात का मिसळत नाही, हे वर्गात विचारून बघा. आमच्या गांधीबागेतली पोरं एका सुरात सांगतात, "तेल हलकं असते ना मॅडम!" आणि आपण मान डोलावून पुढचा पाठ घेतो. पण हलकेपणामुळे तेल तरंगतं. न मिसळण्याचं ते कारण नव्हे. स्पिरिटही पाण्यापेक्षा हलकंच, तरी ते पाण्यात पूर्ण मिसळतं.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे 'दोघांचं वैर'. तेही चूक. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंत थोडी ओढ असतेच, फक्त पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ फार जास्त. मैदानावर खेळ घ्या. एक मूल मधे, बाकीचे हात धरून त्याच्याभोवती. हात सोडायचे नाहीत, म्हणजे हवं तसं वळता येत नाही. अशी दोन कडी जवळ आणून दोघांभोवती एकच कडं करा, काही मुलं मोकळी होतात. पाण्याला हा मोकळेपणा हवा असतो, म्हणून तेलाचे थेंब एकत्र येतात.

रेणू तर दिसत नाहीत, मग हे तपासायचं कसं? हैदराबादेत १९२७ साली जन्मलेले अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत १९७१ मध्ये पाण्याचे अवघे २१६ रेणू संगणकात मांडले. प्रत्येकावर बळ किती, क्षणात तो सरकेल किती, मग पुन्हा तोच हिशोब. नियम न्यूटनचेच! १९७९ मध्ये अल्फोन्स गायगर यांच्यासह त्यांनी अशाच पाण्यात दोन अध्रुवीय, म्हणजे तेलाच्या जातीचे कण ठेवले. ते चिकटून बसतील असं कोणालाही वाटेल. पण दोघांभोवती पाण्याची कडी झाली आणि मधे पाणी ठेवूनच ते राहिले. गणना छोटी होती, पण 'वैर' म्हणणाऱ्यांना विचारात पाडणारी.

"प्राथमिकच्या पोरांना हे कशाला?" असं स्टाफरूममध्ये ऐकू येतंच. माझं म्हणणं, रेणू हा शब्द नका सांगू, पण चुकीचं कारण तरी पक्कं करू नका. शाळेतला संगणक ऑनलाइन माहिती भरण्यापुरता उरलाय. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशनं मोफत आहेत, कित्येक मराठीतही. पदार्थाच्या अवस्थांचं उघडा, आधी आरगॉन आणि मग पाणी दाखवा. पाण्याचे रेणू कसे वेगळे वागतात, ते पोरंच सांगतील.

आमच्याकडे कापड बाजारात काम करणाऱ्यांची मुलं आहेत. कापडावरचा तेलाचा डाग नुसत्या पाण्यानं का जात नाही, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. साबणाचा पाठ तिथूनच घ्या.