खपाच्या पंगतीत मुलांचे पान वेगळे का?

सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी ही गुणवत्तेची यादी नव्हे. ती बाजाराची मोजणी आहे. मोजणीला एकच नियम असतो : जे विकले गेले ते मोजले पाहिजे. असे असता बालसाहित्याला या यादीतून उठवून त्याची वेगळी चूल मांडून द्यावी, हा आग्रह कोणाच्या सोयीचा?

याचा ठळक दाखला अमेरिकेतला. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या तीन पुस्तकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीतील वरच्या जागा दीर्घकाळ धरून ठेवल्या. चौथे पुस्तक येऊ घातले तेव्हा, २००० सालच्या जुलैत, त्या पत्राने मुलांच्या पुस्तकांची यादीच निराळी केली. प्रौढांसाठी लिहिणाऱ्यांनाही जागा हवी, हे प्रकाशकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण जागा हवी तर यादी लांबवावी. मोजणी खोटी करू नये.

मराठीत तर ही रेघ ओढताच येत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती मुले वाचतात आणि आईबापही वाचून डोळे पुसतात. तिला कोणत्या यादीत बसवणार?

दुसरा आक्षेप असा की, मुलांची पुस्तके स्वस्त असतात, शाळा ती घाऊक घेतात, म्हणून तो खप खरा नव्हे. पण १९६७ च्या कायद्यानुसार अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये प्रौढांची पुस्तकेही सरकारी पैशातूनच घेतात. तो खप खरा आणि हा खोटा, हा कुठला हिशेब?

खरे दुखणे पुढेच आहे. केज तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांकडे निघतात. अनेकांची मुले कित्येक महिने फडावर काढतात. अर्थशास्त्र जिला प्रभावी मागणी म्हणते तिच्यामागे पैसा लागतो; नुसती भूक तिथे मोजली जात नाही. या मुलांची वाचनाची भूक दुकानाच्या गल्ल्यावर उमटणार कशी? ज्यांची मुले पुस्तके विकत घेऊ शकतात, त्यांचीही मोजणी दुय्यम ठरवली, तर या पोरांची दाद कोण घेणार? आधी मोजणीतून गळायचे, मग खरेदीतून, शेवटी अंदाजपत्रकातून, हा क्रम वंचितांना नवा नाही.

तेव्हा मुलांची स्वतंत्र यादी खुशाल असावी. परंतु सर्वसाधारण यादीतील त्यांचा हक्क काढून घेऊ नये. आणि कार्यकर्त्यांनी गावोगावच्या अनुदानित ग्रंथालयांत जाऊन विचारावे : यंदा मुलांसाठी किती पुस्तके घेतली? फडावरून परतणाऱ्या पोरांसाठी कपाट उघडे आहे काय? ही विचारणा केजपासूनच सुरू व्हावी.