काठावर उभा राहिला तो कोरडा राहतो काय?

गेल्या पंधरवड्यात भूगोलाचा तास चालू असता एका कुणब्याच्या पोराने विचारले, "गुरुजी, तटस्थ राष्ट्र म्हणजे काय हो?" मी त्यास शब्द फोडून सांगितला. तट म्हणजे काठ; लढाई चालू असता काठावर उभा राहतो तो तटस्थ. मुलगा नदीकाठच्या वस्तीवरचा. तो पटकन म्हणाला, "पण पुरात आधी काठच ढासळतो की!" वर्ग हसला, मीही हसलो, व पुस्तकातील व्याख्या पुढे चालविली. परंतु पोराचे बोलणे मनातून जाईना. सबब त्यास जे उत्तर द्यावयाचे राहिले ते या पत्राच्या वाचकांपुढे मांडतो.

शेतकरी बंधूंनो, दोन फौजा माळावर समोरासमोर येतात, एक जिंकते, एक पळते, अशी लढाईची समजूत आपण पोवाड्यांवरून करून घेतली आहे. ती जागतिक युद्धास लागू पडत नाही. १९३९ ते १९४५ चे महायुद्ध जितके तोफांनी लढले गेले तितकेच मालाने लढले गेले. लोखंड, तेल, रबर, धान्य आणि हे सारे वाहणारी जहाजे, यांवर हार-जीत ठरली. प्रत्येक पक्ष आपणांस माल मिळवी आणि शत्रूस तो मिळू नये म्हणून तितकीच खटपट करी. आता हा माल पुष्कळदा न लढणाऱ्याच्या डोंगरात असतो, किंवा त्याची वाट न लढणाऱ्याच्या बंदरातून जाते. दोन भाऊबंदांत तंटा लागला आणि पाटाचे पाणी तिसऱ्याच्या वावरातून जात असले, तर "मी कोणाचाच नव्हे" असे त्या तिसऱ्याने चावडीत लिहून दिल्याने त्याचे पीक वाचते काय?

याचे उदाहरण पोर्तुगालचे घेतो, कारण त्याची एक शाखा आपल्या शेजारी गोव्यातच होती. पोर्तुगालने सप्टेंबर १९३९ च्या आरंभीच आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले. तेव्हा गोवाही तटस्थ ठरला, आणि तीन जर्मन मालजहाजे मुरगाव बंदरात आसऱ्यास आली. पुढे एक इटालियन जहाजही त्यांत मिळाले. त्यांपैकी 'एरेनफेल्स' या जहाजावरून बिनतारी यंत्राने आपल्या जहाजांची खबर शत्रूच्या पाणबुड्यांस जाते, असा इंग्रजांस संशय आला. तटस्थ बंदरात उघड फौज पाठविता येईना. म्हणून कलकत्त्याच्या हौशी पलटणीतील काही वयस्क गोरे, बरेचसे व्यापारी व नोकरदार, गुपचूप तयार करण्यात आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री ते 'एरेनफेल्स'वर चढले. कप्तान मारला गेला, जहाज बुडाले. बाकीची तिन्ही जहाजे त्यांच्याच खलाशांनी आग लावून बुडविली. ही गोष्ट सुमारे पस्तीस वर्षे दडवून ठेवली होती. त्याच मुरगावात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जपानच्या व अमेरिकेच्या ताब्यात अडकलेल्या नागरिकांची अदलाबदलही झाली. काठाचा असाही उपयोग होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता खुद्द पोर्तुगालकडे वळू. तेथील कारभार सालाझार नावाच्या गृहस्थाच्या हाती होता. हा मूळचा कोइंब्राच्या विद्यापीठातील अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९३२ पासून मुख्य प्रधान, आणि हिशेबाचा मोठा पक्का. त्याच्या देशाच्या डोंगरांत टंगस्टन सापडे. तिकडे त्यास वोल्फ्राम म्हणतात. आपल्या लोहारबंधूंस पोलादाच्या पाण्याची पारख आहे, त्यांस हे सहज समजेल. टंगस्टन मिसळलेल्या पोलादाची हत्यारे लोखंड कातताना तापून लाल झाली तरी बोथट होत नाहीत, आणि चिलखती गाडी भेदणारे गोळेही त्याचेच करतात. जर्मनीस हा माल चीनकडून रशियाच्या आगगाडीने मिळे. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली, ती वाट बंद झाली, आणि सारी नजर पोर्तुगालवर वळली. जर्मनांस तो हवा होता शस्त्रांसाठी. इंग्रजांस तो मुख्यतः जर्मनांस मिळू नये म्हणून हवा होता. दोन गिऱ्हाइके एका ढिगाऱ्यावर बोली लावू लागल्यावर भाव कोठवर जाईल हे बाजार करणाऱ्यास सांगावयास नको. डोंगराळ भागातले शेतकरी नांगर टाकून कुदळी घेऊन निघाले, रात्री चोरून खणू लागले, चोरवाटेने विकू लागले. अखेर १९४२ मध्ये सरकारने त्या व्यापारावर आपला अंमल बसविला.

पैसा आला, जर्मनीकडून सोने आले. ते सोने पुष्कळ अंशी जिंकलेल्या देशांतून लुटलेले होते, हे मागाहून उघड झाले. परंतु पाव महागला व दुर्मिळ झाला. समुद्रावर इंग्रजांचा पहारा, त्यांच्या परवान्यावाचून तटस्थाच्या जहाजासही माल नेता येईना. १९४२ व १९४३ साली लिस्बनच्या आसपासच्या कारखान्यांतील मजुरांनी संप केले, ते सरकारने दडपून टाकले. मायदेशावर बाँब पडला नाही, हजारो निर्वासित लिस्बनच्या वाटेने वाचून पुढे गेले, ही सालाझारच्या पदरची खरी कमाई. हॉलंडही तटस्थच होता, आणि मे १९४० मध्ये रॉटरडॅमचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. तरी ही तटस्थता टिकली ती तराजू दोन्हीकडे झुकविता आला म्हणून. जर्मनीचा जोर ओसरू लागताच ऑक्टोबर १९४३ मध्ये अझोरेस बेटांवर इंग्रजांस विमानतळ मिळाला. त्यास आधार दाखविला तो १३७३ सालच्या जुन्या तहाचा! जून १९४४ मध्ये टंगस्टनची विक्रीही बंद झाली.

परंतु माझे म्हणणे लिस्बनपाशी संपत नाही. पोर्तुगालच्या ताब्यात दूर पूर्वेस तिमोर बेटाचा अर्धा भाग होता. तेथील लोक मका, भात पिकवून राहणारे. तेही कागदावर तटस्थच. १७ डिसेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व डच फौजा पोर्तुगालचा निषेध न जुमानता डिली बंदरात उतरल्या, कारण जपानी येतील ही भीती. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आलेच. थोडके ऑस्ट्रेलियन शिपाई डोंगरात राहून गनिमी काव्याने लढत राहिले. त्यांचे ओझे वाहिले, त्यांस वाटा दाखविल्या, खाऊ घातले, ते गावकऱ्यांनी. १९४३ च्या आरंभापर्यंत ते शिपाई बोटीने परत गेले. गावकरी कोठे जाणार? जपान्यांचा सूड, जाळलेली घरे, गेलेले धान्य, भूक व रोगराई त्यांच्या वाट्यास आली. पाच लाखांहून कमी वस्तीच्या त्या मुलखात ४०,००० ते ७०,००० माणसे मेली असा अंदाज करतात. पोर्तुगालने जपानशी युद्ध कधीच जाहीर केले नाही. सालाझारच्या वहीत तिमोर शेवटपर्यंत तटस्थच राहिला, आणि १९४५ च्या सप्टेंबरात डिलीवर पुन्हा पोर्तुगालचे निशाण चढले.

म्हणून कोणी सरकार "आम्ही तटस्थ आहोत" असे म्हणेल तेव्हा एवढ्यावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणास काय विकले, कोणत्या भावाने विकले, कोणते बंदर कोणास दिले, आणि रयतेच्या पोटाचे धान्य बाहेर गेले की घरी राहिले, हा हिशेब गावच्या चावडीपर्यंत आला पाहिजे. तो नसेल तर नफा एकाच्या घरी जातो आणि पूर दुसऱ्याच्या.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी मुलांस नकाशावर दाखविले. तिमोर कोठे आहे ते शोधावयास वर्गास बराच वेळ लागला. सापडल्यावर तोच पोरगा म्हणाला, "मग गुरुजी, त्या लोकांना कोणी विचारलं होतं का?" मी म्हणालो, नाही, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा तुझ्या पणज्यासही कोणी विचारले नव्हते.