वस्तीत भरणारा छायाचित्रणाचा वर्ग

छायाचित्रण हा शौकीन मंडळींचा खर्चिक छंद आहे, अशी समजूत आपल्या चळवळीत दीर्घकाळ रुजलेली आहे. मोर्चा निघाला की कोणीतरी चार फोटो काढतो. त्यांत व्यासपीठ असते, हार असतात, पुढाऱ्यांचे चेहरे असतात. आज कार्यकर्त्यांच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा आला, तरी फोटो तेच राहिले. ही गोष्ट एकत्र बसून, शिस्तीने शिकण्याची आहे, हे अजून आपल्या मनावर ठसलेले नाही. म्हणूनच न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’ने चालविलेल्या शाळेची हकीगत येथे मांडावीशी वाटते.

कामगार चळवळीतून जन्मलेल्या एका चित्रपट-छायाचित्र संघटनेतून फुटून १९३६ साली लीग उभी राहिली. महामंदीचा तो काळ. फी अल्प, डार्करूम सामाईक, आणि विद्यार्थी बहुतांशी ज्यू स्थलांतरित कष्टकऱ्यांची मुले. आर्थर लाइपझिग हा तरुण काचेच्या कारखान्यात काम करताना उजव्या हाताने जायबंदी झाला. दुसरे काम शोधता शोधता तो या वर्गात आला आणि जन्मभराचा छायाचित्रकार झाला.

शाळेचा कणा होता सिड ग्रॉसमन. तो विद्यार्थ्यांना रस्त्यावर धाडी आणि त्यांनी आणलेली चित्रे वर्गापुढे ठेवून त्यांची निर्दयपणे चिकित्सा करी. तंत्र शिकायचे ते कामाच्या ओघात. दाटीच्या चाळींमधल्या गल्लीत ऊन उतरत नाही. तेथे शटर सावकाश ठेवावे तर धावणारे पोर पुसट होते, ॲपर्चर मोठे करावे तर मागची खिडकी धूसर होते. यांपैकी काय सोडायचे याचा निर्णय पुस्तक देत नाही. आपण त्या पोराविषयी सांगणार आहोत की त्याच्या घराविषयी, यावर तो ठरतो. वॉल्टर रोझेनब्लुम याने १९३८ साली पिट स्ट्रीट हा एकच रस्ता अभ्यासाला घेतला. तो त्याच भागात वाढलेला, त्यामुळे परक्याच्या नजरेची अडचण त्याला फारशी नव्हती.

ही परंपरा तशी जुनी. लुइस हाइन हा समाजशास्त्राचा अभ्यासक न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर शाळेत शिकवीत असे. १९०८ पासून त्याने बालमजुरांची जी छायाचित्रे घेतली, ती सुधारणांच्या लढ्यात फार उपयोगी पडली. त्याच शाळेत त्याच्या हाताखाली पॉल स्ट्रँड शिकला, आणि हाच स्ट्रँड पुढे लीगचा मार्गदर्शक झाला. १९४० साली हाइन दारिद्र्यात वारला. त्यानंतर त्याच्या चित्रांचा ठेवा लीगकडे आला.

लीगचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग आरन सिस्किंड या शाळामास्तराच्या गटाने केला. हा गट आधी विषयाची चर्चा करी, मग कामे वाटून घेई, आणि परत आल्यावर एकमेकांच्या प्रिंट तपासत बसे. पार्क ॲव्हेन्यूवर ९७व्या रस्त्यापाशी रेल्वे जमिनीखालून वर येते आणि श्रीमंतांच्या इमारती संपून हार्लेमची गरीब वस्ती सुरू होते. एकाच रस्त्याची ही दोन टोके या गटाने चित्रमालिकेत पकडली. मग संपूर्ण हार्लेम हाती घेतले. येथे मात्र माझ्या मते गटाचा पाय घसरला. कृष्णवर्णीय समाजाकडे पाहणारे छायाचित्रकार जवळजवळ सारे गोरे. हेतू अन्यायाला वाचा फोडण्याचा. परिणामी चित्रांत दैन्य उदंड आले आणि त्या वस्तीचे हसणे, गाणे, कर्तृत्व निसटले. आपण हार्लेमचे संपूर्ण चित्र दिले नाही, हे सिस्किंडने पुढे स्वतःच मान्य केले. दुःखाची छायाचित्रे घेणाऱ्याने आपली सहानुभूतीही तपासून घ्यावी लागते. आपल्या दुष्काळ-दौऱ्यांतले फोटो पाहताना हे मला नेहमी जाणवते.

दुसरा दोष संघटनेचा. सिस्किंड इमारतींच्या रचनेकडे वळला, तेव्हा त्याच्यावर सामाजिक प्रश्नांकडे पाठ फिरवल्याची टीका झाली. तो दुरावला. ज्याने गट बांधला त्यालाच गटात जागा उरू नये, ही चूक डाव्या चळवळींना मुळीच अपरिचित नाही.

पुढचा घाला बाहेरून आला. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने विध्वंसक संघटनांच्या यादीत लीगचे नाव घातले. सुनावणी नाही, पुरावा नाही. रोझेनब्लुम तेव्हा अध्यक्ष होता. युद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैन्याबरोबर उतरलेला हाच तो छायाचित्रकार! आरंभी पाठिंबा वाढलाही. परंतु १९४९ साली कम्युनिस्ट नेत्यांवरील खटल्यात लीगचीच एक सदस्य गुप्त पोलिसांची खबरी म्हणून साक्षीला उभी राहिली आणि तिने ग्रॉसमनचे नाव घेतले. नोकऱ्या जाण्याच्या भीतीने माणसे पांगली. १९५१ साली लीग बंद पडली.

ग्रॉसमनने शिकवणे थांबविले नाही. संस्था गेली, डार्करूम गेली. १९५५ साली मरेपर्यंत तो घरीच वर्ग घेत राहिला, आणि विद्यार्थी येत राहिले.