घोड्याचे ऋण आणि कुत्र्याची सांधेदुखी

सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास ग्रामीण रुग्णालयात आजही जे प्रतिविष टोचण्यात येते, ते घोड्याच्या रक्तातून निघालेले असते. घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवीत टोचावयाची, त्याच्या शरीरात विषाचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढावयाचे आणि ती प्रतिपिंडे शुद्ध करून माणसास द्यावयाची, अशी ही रीत आहे. तिचा पाया बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वात व घटसर्प यांवरील प्रयोगांनी घातला. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडले गेले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा १९६६ मधील जन्मही शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या रक्ताचा उपयोग लक्षात आल्यामुळेच झाला. शंभराहून अधिक वर्षे माणूस जनावराच्या रक्तातील प्रतिकारशक्ती अशी उसनी घेत आला आहे.

आता या व्यवहाराची दिशा उलटू लागली आहे. प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिपिंडे जनावरांना औषध म्हणून देण्याचे युग सुरू झाले आहे. कोलर व मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे एकाच पेशीकुळातून एकाच जातीची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडे हवी तितकी मिळविण्याची युक्ती शोधली. तिला १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. या युक्तीचे पेटंट घेतले गेले नाही, हे आजच्या औषधबाजाराकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उंदराच्या पेशींतून आलेले प्रतिपिंड कुत्र्याला टोचले, तर कुत्र्याचे शरीर त्याला परके समजून त्याच्यावरच तुटून पडते. घोड्याच्या सीरमने माणसाला बाधा होते, तिचेही मूळ अशाच परकेपणात आहे. यास्तव प्रतिपिंडाचा नेमका पकड घेणारा भाग तेवढा ठेवून बाकीचा सांगाडा कुत्र्याच्या किंवा मांजराच्या प्रतिपिंडाचा बसविण्यात येतो. यालाच अभियांत्रिकी म्हणावयाचे.

कुत्र्याच्या त्वचेची असह्य खाज थांबविणाऱ्या लोकिव्हेटमॅबला अमेरिकेत २०१६ मध्ये परवाना मिळाला. मांजराच्या सांधेदुखीवरील फ्रुनेव्हेटमॅबला जानेवारी २०२२ मध्ये, तर कुत्र्याच्या सांधेदुखीवरील बेडिनव्हेटमॅबला मे २०२३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. महिन्यातून एक इंजेक्शन, आणि लंगडणारा प्राणी पुन्हा जिना चढू लागतो. मांजराच्या मूत्रपिंडाला नेहमीची वेदनाशामके सोसवत नाहीत, हे ज्यांनी म्हातारे मांजर पाळले आहे ते जाणतात. अशा मुक्या जीवाचे दुखणे कमी होत असेल, तर त्याला श्रीमंतांचे चोचले म्हणून हिणविणे आम्हास मान्य नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ही सांधेदुखीवरील प्रतिपिंडे मज्जातंतूंच्या वाढीस पोषक असे एक प्रथिन निकामी करून वेदना थांबवितात. माणसासाठी याच तत्त्वावर तयार केलेल्या टानेझुमॅबमुळे काहींचे सांधे झपाट्याने झिजल्याचे आढळले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने एकोणीस विरुद्ध एक अशा मतांनी कौल दिला, आणि ते औषध बाजारात आलेच नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र लिहून बेडिनव्हेटमॅब दिलेल्या कुत्र्यांत तोल जाणे, झटके येणे, मूत्रावरील ताबा सुटणे, क्वचित मृत्यू, अशा तक्रारी आल्याचे कळविले. तक्रार म्हणजे सिद्धता नव्हे. वृद्ध कुत्र्यांना इतरही रोग असतातच. तरीही मुद्दा असा की, तेथे तक्रारी नोंदविल्या गेल्या आणि म्हणून पत्र निघू शकले.

आपल्याकडे काय झाले होते? डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक गुरांना सर्रास टोचले जात असता आकाशातील गिधाडे नाहीशी होत गेली. कारण उघडकीस आले ते २००४ मध्ये, आणि तेही शेजारच्या पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली २००६ मध्ये. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, त्या आवरण्यास २०१५ उजाडले. प्रतिपिंड हे प्रथिन असल्याने ते मृत जनावर खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात पचून जाईल. हा धोका येथे संभवत नाही. पण जनावरास दिलेल्या औषधाने काय बिघडले याची दाद घेण्याची आपली गती ही अशी आहे.

दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक व म्हशी सुमारे ११ कोटी आहेत. नवी प्रतिपिंडे मात्र प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांसाठी निघाली, कारण खर्च सोसणारा मालक तेथे आहे. गोठ्यातील हिशेब निराळा असतो. औषधाची किंमत दुधाच्या बिलातून निघाली पाहिजे. शिवाय प्रतिपिंड ही उसनवारी आहे. ती काही आठवड्यांत संपते, तर लस शरीराला स्वतःची कमाई करावयास शिकविते. बुळकांडीवर मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत प्रतिसीरम तयार होत असे. ही प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली होती, हे आज पुणेकरांच्याही स्मरणात नसेल. त्या सीरमने असंख्य गुरे वाचली असतील, पण २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले ते लसीच्या बळावर.

आणि उसनवारीचे सर्वांत स्वस्त साधन तर प्रत्येक गोठ्यात आहे. गाईच्या गर्भाशयातून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत. ती त्याला पहिल्या चिकातून मिळतात, आणि पहिल्या चोवीस तासांनंतर आतडे त्यांना आत घेईनासे होते. शहरात आपण ज्याचा खरवस आवडीने खातो तो हा चीक. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा खरवस करावयास कोणाची हरकत नाही. पण पहिली धार बादलीत आणि वासरू दाव्याला, असे असेल तेथे कोणत्याही परदेशी इंजेक्शनाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ही औषधे आपल्या बाजारात येतील तेव्हा दोन गोष्टी आधी व्हाव्यात. परवान्याबरोबर कंपनीवर दुष्परिणामांची नोंद जाहीर करण्याचे बंधन असावे. आणि ती नोंद करण्याची वही मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांबरोबरच, जेथे पशुधन पर्यवेक्षक एकटा बसतो त्या श्रेणी दोनच्या दवाखान्यातही पोचावी, आणि ती मराठीत असावी.