गचाळ कोडचा चोख कारभार

सॉफ्टवेअरच्या धंद्यात वर्षभर एकच उपदेश चालतो : कोड स्वच्छ लिहा, दुसऱ्याला वाचता येईल असा लिहा. याच जगात एका स्पर्धेत बक्षीस मिळते ते कुणाच्या बापाला कळणार नाही असा प्रोग्राम लिहिणाऱ्याला. फक्त तो चालला पाहिजे आणि त्याने काहीतरी करून दाखवले पाहिजे. 'इंटरनॅशनल ऑब्फस्केटेड सी कोड कॉन्टेस्ट' म्हणजेच आयओसीसीसी हे तिचे नाव. २०२० नंतर ती चार वर्षे बंद होती. अठ्ठाविसाव्या स्पर्धेचे निकाल २०२५ मध्ये लागले आणि जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. वरवर पाहता चेष्टेचाच कारभार. तो पुन्हा सुरू झाला कसा, हे मात्र गांभीर्याने पाहण्यासारखे आहे.

सुरुवात वैतागातून झाली. १९८४ साली लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसेल हे दोघे अमेरिकेत नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत बसले होते. त्यात युनिक्सच्या बोर्न शेलचा कोड होता. तो लिहिणाऱ्या स्टीव्ह बोर्न यांचा जीव अल्गोल या जुन्या भाषेवर. त्यांनी मॅक्रो वापरून सी भाषेला असे काही सजवले होते, की ती सी उरलीच नव्हती. याहून वाईट कुणी लिहू शकेल का, असा प्रश्न त्या दोघांना पडला आणि त्यांनी तो जगालाच विचारला.

जगाने हौसेने उत्तर दिले. पहिल्याच वर्षी नेदरलँड्सच्या दोघांनी असा प्रोग्राम पाठवला, की ज्यात मुख्य फंक्शनच्या जागी नुसती आकड्यांची रांग होती. ते आकडे म्हणजे थेट यंत्राच्या आज्ञा, त्याही पीडीपी-११ आणि व्हॅक्स या दोन वेगवेगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या. परीक्षकांनी बक्षीस दिले आणि पुढच्या स्पर्धकांसाठी ती वाट बंद केली. १९९४ मध्ये तर कळस झाला. स्वतःचीच प्रत छापणारा जगातला सर्वात छोटा प्रोग्राम म्हणून एकाने शून्य बाइटची, म्हणजे पूर्ण कोरी फाइल पाठवली. ती चालवली की काहीच छापले जात नाही आणि हे 'काहीच नाही' हीच तिची हुबेहूब प्रत. नियमांच्या सर्वात वाईट गैरवापराचे बक्षीस तिला मिळाले, मग नियम बदलला. लबाडाला हार घालायचा आणि त्याच्या मागे दार लावून घ्यायचे, ही रीत या स्पर्धेने चाळीस वर्षे पाळली. परीक्षकांना स्पर्धकाचे नाव कळू दिले जात नाही, हेही तितक्याच कडकपणे.

काही प्रोग्राम तर पाहायलाच देखणे. १९८८ मधल्या एकाचा मजकूर वर्तुळाकार मांडलेला होता आणि तो स्वतःच्याच क्षेत्रफळावरून पायची किंमत काढायचा. १९९८ मध्ये कार्ल बँक्स यांनी विमान उडवण्याचा आभास देणारा प्रोग्राम लिहिला, तो कागदावर विमानाच्याच आकाराचा दिसतो. मराठी वाचकाला इथे मोरोपंत आठवावेत. ओठ न मिटता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' रचणाऱ्या पंतांना ही स्पर्धा कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

'यांना कामधंदा नाही का' हा आक्षेप जुनाच. त्याला उत्तर म्हणून फाब्रिस बेलार्ड यांचे नाव पुरेसे आहे. २००१ च्या स्पर्धेसाठी त्यांनी चिमुकला सी कंपायलर, म्हणजे सी कोडचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहिला, त्यातूनच पुढे 'टायनी सी कंपायलर' आला. पण हे उत्तर देताना जरा संकोच वाटतो. खेळाला उपयोगाचा दाखला का मागावा?

खरी गोष्ट खंडाच्या वर्षांतली आहे. स्पर्धा याआधीही अनेकदा थांबली होती; २००६ नंतर ती थेट २०११ मध्ये उगवली. या वेळच्या चार वर्षांत मात्र जुने दप्तर सोडवायला घेतले गेले. १९८४ पासूनचे विजेते प्रोग्राम आजच्या कंपायलरवर चालेनासे झाले होते, कारण त्या काळी खपून जाणाऱ्या लकबी आजचा कंपायलर खपवून घेत नाही. मूळची खोडी न बिघडवता ते एकेक करून दुरुस्त करायचे, सोबतची टिपणे नीट लावायची, प्रवेशिका स्वीकारण्याची यंत्रणा नव्याने बांधायची. मुद्दाम न कळण्यासाठी लिहिलेला कोड दुरुस्त करणे म्हणजे काय शिक्षा असेल, याची कल्पना कुठल्याही प्रोग्रामरने करावी. हे कंटाळवाणे काम बक्षिसाविना, पगाराविना झाले, म्हणून विनोद पुन्हा उभा राहिला. आणि उभा राहिला तो ताज्या दमाने : नव्या विजेत्यांत एआयच्या भाषा-मॉडेलशी गप्पा मारू देणारा इवलासा सी प्रोग्रामही आहे.

सी भाषा महाराष्ट्राला परकी नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' वर अभियंत्यांच्या कित्येक तुकड्या पोसल्या. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या टेक-फेस्टमध्येही स्क्रीन बंद करून कोड लिहिण्याच्या 'ब्लाइंड कोडिंग'सारख्या गमतीच्या स्पर्धा होतात, गर्दीही जमते. पण शेवटच्या वर्षाची मुले बाहेर पडली की प्रश्न, उत्तरे आणि गाजलेल्या लबाड्या त्यांच्यासोबतच जातात, आणि पुढची समिती शून्यातून सुरुवात करते. अशा समित्यांना हवी आहे ती एक वही, म्हणजे नेटवरचे एक साधे फोल्डर : यंदाचे प्रश्न, जिंकलेला कोड जसाच्या तसा, परीक्षकाचा शेरा आणि कुणी नियम कसा वाकवला याची नोंद. प्रायोजकाचा फलक छापण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या हौशी विद्यार्थ्याकडे आजच सोपवता येण्यासारखे.